कोंडीचा डोळा

माझी माय लोकांच्या डोळ्यांतलं कुसळ जिभेनं काढायची. हे वाचून कुणाला किळस आली तर येऊ द्या, माझ्या मुलीलाही येते. ती नागपूरला शिकली. तिच्या मते हा सगळा जंतूंचा कारभार होता, आणि तिचं बरोबरच आहे. आज माझ्यासमोर कुणी असं करायला लागलं तर मीच त्याचा हात धरीन. पण ज्याच्या डोळ्यात धानाचं कुसळ शिरलं आहे आणि ज्याचा डॉक्टर वैनगंगेच्या पलीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, त्याला किळस करायची सवड नसते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, अशी एक म्हण आपण ऊठसूट वापरतो. ती म्हण ज्यानं केली त्याच्या डोळ्यात खरं कुसळ कधी गेलं नसावं, नाहीतर त्यानं ते इतकं क्षुल्लक मानलं नसतं. कुसळाला काटे असतात, एकाच दिशेनं कललेले, त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. डोळा चोळला की ते आणखी आत जातं. आणि माणूस चोळल्याशिवाय राहत नाही.

आमचं गाव सावली तालुक्याच्या बाजूचं, सगळं धानाचं. दिवाळी झाली की बांध्यांमधले धान कापून त्यांचे पुंजणे रचायचे आणि मग बैलांच्या पायाखाली घालून ते मळायचे. त्याला आमच्याकडे चुरणं म्हणतात. चुरण्याच्या दिवसांत गावभर बैलांना हाकणाऱ्यांच्या आरोळ्या, सुपांची फडफड आणि तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, पिवळा धुरळा असायचा. तेव्हाचे धान उंच वाढायचे आणि त्यांना लांब कुसळं असायची. दुपारपर्यंत एकजण तरी पदर नाहीतर दुपट्टा डोळ्यावर दाबून आमच्या अंगणात येऊन बसलेला असायचा. माय त्याला पालथ्या टोपलीवर उजेडाकडे तोंड करून बसवायची, कोमट पाण्यात मीठ घालून तीनदा चूळ भरायची, अंगठ्यानं वरची पापणी उलटवायची आणि जिभेचं टोक एकदाच, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवायची. दुसऱ्यांदा करायची वेळ तिच्यावर क्वचितच आली. मग ती जिभेवरचं कुसळ नखाच्या टोकावर घेऊन त्या माणसाला दाखवायची. दाखवल्याशिवाय त्याचा विश्वास बसायचा नाही, कारण कुसळ निघालं तरी सल घटकाभर राहतो. याचं ती काही घेत नसे. घेतलं तर जीभ कामातून जाते, असं तिला तिच्या मायनं सांगितलं होतं.

जीभ थंड राहिली पाहिजे, हा तिचा दुसरा नियम. त्या दोन महिन्यांत तिच्या जेवणात मिरची नसे, सुके मासे नसत, कांदा नसे. आणि एका चुलीवर दोन भाज्या करायला आमच्याकडे ना लाकूड होतं ना वेळ, त्यामुळे तिच्याबरोबर आम्हीही तेच खायचो. लाखोळीच्या डाळीचं पिवळं फिक्कं वरण, भात, मिठात उकडलेली अंबाडी. आसपासच्या घरांतून झिंगे भाजल्याचा वास यायचा आणि बाबा ताटावर बसून भिंतीकडे बघायचे. बाबा रस्त्याच्या गँगवर कामाला होते. बोलायला कमी, पण एकदा सुरू झाले की झोंबेल असं बोलायचे. गावाच्या डोळ्यांसाठी आपण जिभा मारून बसायचं आणि गावानं आपल्या हातचं पाणी प्यायचं नाही, हा कोणता धर्म, असं ते विचारायचे. आमच्या घरानं जुना धर्म सोडून बुद्धाचा घेतला होता. भिंतीवर तथागताची तसबीर होती आणि बाबांना तिच्याकडे हात करून बोलायची सवय होती. मायला वाटायचं, पाणी पीत नसतील, पण डोळा तर देतात.

त्यातल्या पाटलीणबाईंचं सांगायलाच हवं. त्या येताना स्वतःच्या विहिरीचं पाणी तांब्यातून घेऊन यायच्या. ते पाणी त्या वरून मायच्या ओंजळीत सोडायच्या, तांब्याला तिची बोटं लागणार नाहीत अशा बेतानं, आणि त्या पाण्यानं मायनं चूळ भरली की मगच डोळा पुढे करायच्या. म्हणजे आमच्या घरचं पाणी मायच्या तोंडातूनही त्यांच्या डोळ्याला लागू नये. जीभ चालेल, जिभेवरचं पाणी चालणार नाही. मी हे कितीदा पाहिलं आणि मला दरवेळी लाज वाटली, पण मायला त्यात मान वाटायचा. पाटलीणबाई एवढं पाणी वाहून माझ्यासाठी आणतात, असं ती शेजारणीला सांगायची. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. साठी उलटली तरी काही गोष्टी निवत नाहीत, आणि निवाव्यात अशी माझी इच्छाही नाही.

कोंडी ही आमची मांजर. कोंड्याच्या पोत्यात सापडली म्हणून कोंडी. राखाडी रंगाची, छातीवर पांढरा ठिपका, आणि घुशीएवढ्या उंदरालाही न भिणारी. ती माझी होती, म्हणजे ती माझ्याजवळ निजायची आणि मला शाळेतून यायला उशीर झाला तर वळणावरच्या मोहाच्या झाडाखाली येऊन बसायची. मी तेव्हा बारा वर्षांची. भावंडं नव्हती. चुरण्याच्या दिवसांत कोंडी खळ्यावरच असायची, कारण पुंजण्यांखाली उंदरांची बिळं असतात. त्यामुळे जे व्हायचं ते झालं, आणि झालं तेव्हा घरात कुणाला कळलं नाही, ही खरी गंमत. ज्या घरात अख्ख्या गावाचे डोळे ओळखले जायचे, त्या घरात मांजराचा डोळा कुणाला ओळखता आला नाही.

पहिल्या दिवशी ती डावा डोळा मिचकावत होती. मला वाटलं लाडात आली आहे. बाबा म्हणाले झोप आली असेल. दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यातून पाणी गळून नाकाच्या कडेला काळी ओळ उमटली होती, आणि ती सारखी पंजा ओला करून डोळ्यावरून फिरवत होती. मांजर चाटून चाटून आपलं आपण बरं करतं, असं गावात सगळेच म्हणतात. पण मांजराची जीभ स्वतःच्या डोळ्यापर्यंत पोचत नाही. तिथे पोचतो तो पंजा, आणि पंजा म्हणजे चोळणंच. तिसऱ्या दिवशी नाकाकडच्या कोपऱ्यातून एक पांढरट पडदा वर आला आणि त्यानं अर्धा डोळा झाकला. ती उजेड टाळून धान साठवायच्या ढोलीच्या मागे जाऊन बसली. आज मला ही सगळी लक्षणं तोंडपाठ आहेत. आता गडचिरोलीच्या घरी माझ्याकडे दोन मांजरं आहेत. त्यातल्या एकीनं परवा एक डोळा बारीक केला, तेव्हा मी तासाभरात तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं डोळ्यात रंगाचा थेंब टाकला आणि निळ्या दिव्यात बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकला. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून दिलं, म्हणजे पंजा डोळ्यापर्यंत जाऊ नये. घरातलं माणसाचं कुठलंही औषध घालू नका, असं त्यानं बजावून सांगितलं. एका डोळ्यानं मिचकावणारं मांजर लाडात नसतं, ते दुखण्यात असतं. एवढं एक वाक्य मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मी कोंडीला पोत्यात गुंडाळून मायपुढे नेलं. मायनं तिचं डोकं हातात घेतलं, अंगठ्यानं पापणी वर केली आणि एका नजरेत सांगितलं की वरच्या पापणीखाली कुसळ आहे, आडवं. माझा जीव भांड्यात पडला. आता चूळ भरेल, जीभ फिरवेल, झालं. मी मिठाचं कोमट पाणीही आणून ठेवलं. मायनं ते बाजूला सारलं. लुगड्याच्या पदराचं टोक ओलं करून पिळलं आणि त्यानं कुसळ टिपायचा प्रयत्न केला. कोंडीनं मान झटकली, तिच्या हातावर ओरबाडलं. दोनदा, तीनदा. मग माय हात धुवायला उठली. कापडानं काटे निघत नाहीत, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

मी म्हटलं, "माय, जीभ लाव ना."

"मांजराच्या डोळ्याले?"

"कोनी पाह्यत नाई इथी."

ती बराच वेळ हात पुसत राहिली. मग म्हणाली, "गावात लपून राह्यते का काही? मांजराच्या डोळ्यातली जीभ उद्या माह्या डोळ्यात घालन, म्हनतीन लोकं. एक बी नाई येनार मंग." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मले गावात दुसरं काय हाय वं?"

बारा वर्षांच्या पोरीला या प्रश्नाचं उत्तर कळत नाही. मला एवढंच कळलं की तिला काढता येतं आणि ती काढत नाही. मी रडले, पाय आपटले, जेवले नाही. बाबांनी मध्यस्थी केली ती त्यांच्या पद्धतीनं. म्हणाले, काढ, म्हणजे गाव येणं बंद होईल आणि घरात मिरची तरी येईल. त्यानं माय आणखी घट्ट झाली.

आता जे लिहायचं आहे ते मी माझ्या मुलीलाही कधी सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी माय-बाबा कामावर असताना मी शाळेतून मधल्या सुट्टीतच घरी आले आणि ठरवलं की मीच काढीन. लहानपणापासून बघत आले होते, त्यात काय एवढं. कोंडीला पोत्यात बांधलं, गुडघ्यांत धरलं, चूळ भरली, पापणी उलटवली आणि जीभ लावली. मला कुसळ जिभेला जाणवलं, केसासारखं. ते हललंही. तेवढ्यात कोंडी अशी किंचाळली की माझे हात सुटले. तिनं माझी हनुवटी फाडली आणि पोत्यातून निसटून तोंड मातीत घासत, लोळत, अंगणातून पळाली. मला कळेना की मायनं जीभ लावल्यावर कुणी कधी असं ओरडत नाही, मग हिला एवढं काय झालं. मग माझ्या तोंडातला जाळ मलाच जाणवला. त्या सुट्टीत मी मैत्रिणीच्या डब्यातला मिरचीचा ठेचा खाल्ला होता. घरात दोन महिने फिक्कं वरण असल्यामुळे शाळेत मी कुणाच्याही डब्यात हात घालायची. एका चुळीनं ठेचा जात नाही. मायचा नियम मला आजवर बायकी खूळ वाटत आला होता. बाबांच्या तोंडचीच गोष्ट मी माझी मानली होती.

कोंडी दोन दिवस पाटलाच्या तणसाच्या ढिगात दडून बसली. मी हाका मारून थकले. परत आली तेव्हा डोळा पुवानं चिकटला होता. मायनं तो कोमट पाण्यानं शेकून सोडवला, तेव्हा पुवाबरोबर कुसळ आपोआप बाहेर आलं. मायनं ते नखावर घेतलं, सवयीनं मला दाखवलं आणि चुलीत टाकलं. आतलं बुबुळ दुधासारखं पांढरं झालं होतं. मग तिनं माझ्या हनुवटीवरचा ओरखडा पाहिला. "शाळेत काय खाल्लं होतं त्या दिवशी?" एवढंच विचारलं. मी ठेचा म्हटलं. आठ दिवसांत तो डोळा फुटला आणि आत बसला.

मला स्वतःचा राग यायला हवा होता. पण स्वतःवर राग धरायला जे बळ लागतं ते माझ्यात नव्हतं, आणि मायवर धरायला काहीच लागत नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तशी मी घरात वागत होते. तिनं वाढलेलं ताट सरकवायची, हाकेला ओ द्यायची नाही. हिनं पहिल्या दिवशी काढलं असतं तर, हे एकच वाक्य मनात घोळवत होते, आणि ते वाक्य खरंही होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

अशात एका दुपारी पाटलीणबाई आल्या. डोळ्यावर पदर, हातात तांब्या. मी उंबऱ्यात बसून होते. माय लगबगीनं उठली, टोपली पालथी घातली, ओंजळ पुढे केली. वरून पाणी पडलं. मायनं तीनदा चूळ भरली आणि त्यांची पापणी उलटवायला अंगठा लावला, तेवढ्यात कोंडी येऊन मायच्या पायाला अंग घासायला लागली. पाटलीणबाईंचा दुसरा डोळा उघडाच होता. त्यांनी कोंडीचं तोंड पाहिलं आणि मान मागे घेतली.

"या मांजरीले काय झालं वं, सुगंधे?"

"कुसळ गेलं होतं, पाटलीनबाई."

"तू त नाई ना काढलं?"

"नाई जी. मांजराले कोन जीभ लावन?"

ती हे हसून म्हणाली. त्या हसण्यानं माझ्या आत काहीतरी पेटलं. कोंडी तिथेच होती, एका डोळ्यानं वर बघत. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "लावली होती. मीच धरून होती मांजरीले. दोनदा लावली."

दोनदा हा शब्द मी का घातला ते मला माहीत नाही. खोटं बोलणाऱ्याला एक आकडा सुचतोच. पाटलीणबाईंनी मायकडे पाहिलं. मायनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हनुवटीवर अजून खपली होती. तिनं एवढं म्हटलं असतं की जीभ लावली ती या पोरीनं, तरी पुरलं असतं. खपली दाखवली असती तरी पुरलं असतं. पण अंगठा मागे घेऊन ती तशीच उकिडवी बसून राहिली. पाटलीणबाईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी आमच्या अंगणात ओतलं, डोळ्यावर पुन्हा पदर दाबला आणि कुसळासकट निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. कुणी भांडायला आलं नाही, कुणी शिवी दिली नाही, नुसतं यायचं थांबलं. पाटलीणबाई दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे गडचिरोलीला गेल्या, तिथल्या डॉक्टरनं कुसळ काढलं आणि त्या डोळ्यावर पट्टी बांधून परतल्या. मग इतरांनाही ती वाट सापडली. खरं पाहता गावाचं त्यात भलंच झालं. डोळ्याला डॉक्टरच हवा, जीभ नव्हे. मीच आज हे चार बायकांना सांगत असते. बाबांनाही बरं वाटलं. त्यांनी बाजारातून अर्धा किलो झिंगे आणले आणि मायनं ते निमूट भाजून दिले. मी एक घास खाल्ला आणि बाहेर जाऊन ओकले. सगळ्यांचं चांगलं झालं असताना एका बाईजवळ होती तेवढी एकच गोष्ट गेली होती, आणि ती तिच्या पोरीनं घालवली होती, हे कुणाच्या हिशेबात नव्हतं.

मी खरं सांगायला पाटलाच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले. सांगितलं असतं तरी काय झालं असतं, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला समजावलं. हे समजावणं खोटं होतं. मी भ्याले होते.

माय माझ्याशी जेवणापुरतं बोलायची. रागावली नाही, मारलं नाही. मारलं असतं तर सुटले असते. पंधराएक दिवसांनी ती दुपारी ओसरीवर धान पाखडत बसली होती आणि मी समोर खडे वेचत होते. कोंडीनं ढोलीच्या काठावर उडी मारली. डाव्या बाजूचं तिला दिसत नव्हतं. तिचा अंदाज चुकला, पंजे हवेत गेले आणि ती ढोलीवर आपटून खाली पडली. उठली, आणि पुन्हा त्याच जागी उडी घेऊन पुन्हा पडली. मायनं सूप खाली ठेवलं, तिला उचलून मांडीवर घेतलं, अंगावरचा कोंडा झटकला आणि त्या बसलेल्या डोळ्याभोवती पदरानं हळूहळू पुसत राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"असं बोलाचंच होतं तुले," ती म्हणाली, "त आधीच बोलाचं होतं वं पोरी. जीभ लावून मोकळी झाली असती मी. इचा डोळा तरी राह्यला असता."

मग तिनं कोंडीला खाली सोडलं आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली.